रक्ताला दिलेली वाट

मैत्रिणींनो, गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. आमच्या गल्लीतल्या एका वहिनींना घेऊन मी जिल्ह्याच्या गावी डायलिसिससाठी गेले होते. वहिनी घरी शिवणकाम करतात. मधुमेह जुना, दोन्ही किडन्या त्यानेच निकामी झालेल्या. आठवड्यातून दोनदा एसटीने जायचं, चार तास यंत्रावर पडून राहायचं आणि संध्याकाळी परत येऊन भाकरी थापायची, असा त्यांचा क्रम. मानेजवळ एक नळी बसवलेली होती, तिच्यातूनच रक्त यंत्राकडे जायचं आणि परत यायचं. त्या दिवशी डॉक्टरांनी तिसऱ्यांदा बजावलं की ही नळी तात्पुरती आहे, हातावर फिस्टुला करून घ्या. वहिनींनी डावा हात पदराखाली घेतला आणि मान खाली घातली.

परतीच्या गाडीत त्यांनी मन मोकळं केलं. सासूबाई म्हणतात, त्या ऑपरेशनने हात लुळा पडतो. डाव्या हातातल्या बांगड्या काढाव्या लागतील. मशीनवर कापड सरकवायला डावा हातच लागतो. आता सणवार आहेत, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर पुतणीचं लग्न आहे, ते झालं की बघू. आपल्या बायकांच्या आयुष्यात हे 'नंतर' किती मोठं असतं, ते मी तुम्हाला काय सांगणार!

त्या वेळी मला एकदम आठवले ते जयप्रकाश नारायण. आपले जेपी. माझ्या माहेरी बैठकीच्या खोलीत त्यांचा फोटो होता. आणीबाणीच्या काळात वडील कॉलेजात होते. त्यांच्या तोंडून जेपींच्या गोष्टी ऐकतच मी मोठी झाले. पण जेपींची एक गोष्ट भाषणांत फारशी सांगितली जात नाही. आयुष्याची शेवटची जवळजवळ चार वर्षं हा माणूस डायलिसिसवर होता. मी वहिनींना गाडीत तीच गोष्ट सांगायला सुरुवात केली. तुम्हालाही सांगते.

जेपींचा जन्म ११ ऑक्टोबर १९०२ चा, गंगा आणि शरयूच्या संगमाजवळच्या सिताबदियारा गावातला. १९२० साली त्यांचं लग्न प्रभावतीदेवींशी झालं. चंपारणच्या सत्याग्रहात गांधीजींबरोबर काम केलेले वकील ब्रजकिशोर प्रसाद यांची ही मुलगी. पुढच्याच वर्षी मौलाना आझादांचं भाषण ऐकून जेपींनी परीक्षा तोंडावर आलेली असताना सरकारी मदतीवर चालणारं कॉलेज सोडलं. १९२२ मध्ये ते शिकायला अमेरिकेला गेले. घरचे पैसे पुरणारे नव्हते. द्राक्षांच्या मळ्यात मजुरी केली, हॉटेलात बश्या विसळल्या, कारखान्यात राबले. एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जात शेवटी ओहायोमधून समाजशास्त्रात एम.ए. केलं. आई आजारी पडली म्हणून १९२९ मध्ये परत आले, तेव्हा सात वर्षं उलटून गेली होती.

ती सात वर्षं प्रभावतींनी कशी काढली असतील? त्या गांधीजींच्या साबरमती आश्रमात कस्तुरबांजवळ राहिल्या. तिथेच त्यांनी ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं. नवरा परदेशात आणि इकडे बायकोने एवढा निर्णय घेतलेला! जेपी मार्क्सवादी होऊन परतले होते, गांधीजींचे विचार त्यांना पटत नव्हते. तरीही पत्नीचा हा निर्णय त्यांनी मानला आणि तो जन्मभर पाळला. त्यांना मूलबाळ झालं नाही. प्रभावतीही स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंगात गेल्या. पाटण्याच्या कदमकुआं भागात त्यांनी महिला चरखा समिती उभी केली. बायकांच्या हाताला काम मिळावं म्हणून काढलेली ही संस्था. ही जागा लक्षात ठेवा, गोष्टीच्या शेवटी आपल्याला पुन्हा तिथेच यायचं आहे.

जेपींचा आपल्या महाराष्ट्राशी जुना संबंध. १९३२ मध्ये त्यांना नाशिकच्या तुरुंगात ठेवलं होतं. तिथे अच्युतराव पटवर्धन, नानासाहेब गोरे, मिनू मसानी, अशोक मेहता असे तरुण भेटले. त्या कोठड्यांतल्या चर्चेतूनच पुढे १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष जन्माला आला. १९४२ मध्ये ते हजारीबागच्या तुरुंगात होते. दिवाळीच्या रात्री धोतरांना गाठी मारून त्यांचा दोर केला आणि पाच साथीदारांसह जेपी भिंत ओलांडून पळाले. पुढच्या वर्षी पकडले गेले, लाहोरच्या किल्ल्यात त्यांचे अतोनात हाल झाले. १९४६ मध्ये सुटका झाली. स्वातंत्र्यानंतर मंत्रिपद सहज मिळालं असतं, पण १९५४ मध्ये त्यांनी विनोबांच्या भूदानाला आयुष्य वाहून टाकलं. १९७२ मध्ये चंबळच्या दरोडेखोरांनी त्यांच्या आवाहनावरून शस्त्रं खाली ठेवली, तेव्हा प्रभावतीही सोबत होत्या.

आणि १५ एप्रिल १९७३ ला प्रभावती कॅन्सरने गेल्या. पन्नासहून जास्त वर्षांचा संसार. जेपी आतून खचले. त्यांनाही मधुमेह होता, हृदयाचा त्रास होता. १९७४ मध्ये वेल्लोरला प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. या वयात, या तब्येतीत कुणीही घरी बसलं असतं. पण बिहारमधले विद्यार्थी त्यांच्याकडे आले आणि महागाई, भ्रष्टाचार यांविरुद्धच्या आंदोलनाचं नेतृत्व त्यांनी स्वीकारलं. ५ जून १९७४ ला पाटण्याच्या गांधी मैदानात त्यांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला पाटण्यात लाठीमार झाला, तेव्हा जेपींवर येणारा वार नानाजी देशमुखांनी मध्ये पडून स्वतःच्या हातावर झेलला. नानाजी आपल्या मराठवाड्यातले, हिंगोली भागातल्या कडोळीचे.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागली. पहाटेच्या आत दिल्लीतून जेपींना अटक झाली. थोड्याच दिवसांत त्यांना चंदीगडच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात नेऊन नजरकैदेत ठेवलं. गप्पा मारायला जवळचं माणूस नाही, सोबतीला फक्त रोजनिशी. सप्टेंबरच्या अखेरीस पोटात दुखू लागलं. अशक्तपणा वाढला, अंगावर सूज आली. तब्येत फारच ढासळली तेव्हा, १२ नोव्हेंबरला, सरकारने त्यांना सोडलं. त्याच महिन्यात त्यांना मुंबईत पेडर रोडवरच्या जसलोक रुग्णालयात आणलं. तिथे डॉ. एम. के. मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आता उरलेलं आयुष्य डायलिसिसवर काढायचं होतं. जेपी त्या वेळी त्र्याहत्तर वर्षांचे होते.

इथे गाडीत वहिनींनी मला थांबवलं. एवढ्या मोठ्या माणसालाही सुया टोचून घ्याव्या लागल्या का, असं त्यांनी विचारलं. हो, लागल्या. किडनीला माणूस लहान की मोठा ते कळत नाही.

मग मी त्यांना ही वाट करण्याची गरज का पडते ते समजावलं. मी स्वतः आर्ट्सची पदवीधर, विज्ञानाशी दहावीनंतर फारकत. पण रुग्णांबरोबर हेलपाटे घालताना डॉक्टर, सिस्टर आणि टेक्निशियन यांना विचारून विचारून जे कळलं ते असं. डायलिसिसचं यंत्र अंगातलं रक्त बाहेर घेतं, गाळतं आणि परत देतं. मिनिटाला साधारण पाव लीटर किंवा त्याहून जास्त रक्त, तेही चार तास सलग. आपण रक्त तपासायला देतो ती शीर एवढं रक्त देऊच शकत नाही, ती आक्रसून जाते. धमनीत रक्ताला जोर असतो, पण ती खोल असते आणि तिला वारंवार टोचणं धोक्याचं. मग करायचं काय?

१९४३ मध्ये हॉलंडमधल्या कांपेन गावात डॉ. विलेम कोल्फ यांनी कृत्रिम किडनीचं यंत्र चालवून दाखवलं, तेव्हा नेमकी हीच अडचण होती. दर वेळी हातापायावर चीर देऊन रक्तवाहिनी उघडायची. ती वाहिनी पुन्हा वापरता येत नसे. थोड्याच वेळात जागा संपायच्या आणि यंत्र असूनही माणूस हातचा जायचा. म्हणजे यंत्र होतं, पण यंत्रापर्यंत जायला वाट नव्हती!

ही वाट सापडली अमेरिकेतल्या सिअॅटल शहरात. डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांना सुचलं की हाताच्या धमनीत एक आणि शिरेत एक अशा टेफ्लॉनच्या नळ्या कायमच्या बसवायच्या. तोच टेफ्लॉन, जो आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतो. त्याला रक्त सहज चिकटत नाही. एरवी त्या दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून ठेवायच्या आणि डायलिसिसच्या वेळी सोडवून यंत्राला लावायच्या. याला शंट म्हणतात. ९ मार्च १९६० ला क्लाइड शील्ड्स या कामगाराच्या हातावर पहिला शंट बसवला. मरणाच्या दारात असलेला तो माणूस पुढे अकरा वर्षं जगला. पण नळी अंगाबाहेर असायची. ती ओढली जाण्याची, तिच्यात गुठळी होण्याची, जंतू शिरण्याची भीती सतत असायची.

मग न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात डॉ. जेम्स सिमिनो, डॉ. मायकेल ब्रेशिया आणि सर्जन डॉ. केनेथ अपेल यांनी त्याहून साधा मार्ग काढला. नळीच नको. मनगटाजवळची धमनी आणि शेजारची शीर आतल्या आत एकमेकींना शिवून टाकायची. पाटाचं दार उघडल्यावर पाणी सरीत जोरात घुसतं ना, तसं धमनीतलं रक्त शिरेत घुसतं. काही आठवड्यांत ती शीर फुगते, तिची भिंत जाड होते आणि मग सुई पेलायला ती तयार होते. १९६६ मध्ये त्यांनी हे काम जगापुढे मांडलं. हाच आपला फिस्टुला. साठ वर्षं होत आली, पण आजही डॉक्टर शक्य असेल तिथे हाच पर्याय पहिला सुचवतात.

म्हणजे बघा, जेपी १९७५ मध्ये आजारी पडले म्हणून वाचले. पंधरा-वीस वर्षं आधी त्यांच्या किडन्या गेल्या असत्या, तर रक्ताला वाट करून देण्याची ही विद्याच नव्हती. जसलोकच्या डॉक्टरांनी त्यांच्या शरीरात अशी वाट करून दिली आणि त्या बोटभर जागेवर पुढचं सगळं राजकारण उभं राहिलं!

जेपींना मुंबईत अडकून पडायचं नव्हतं, त्यांना पाटण्याला आपल्या माणसांत जायचं होतं. त्यासाठी घरी यंत्र हवं होतं. ते महाग. मग गांधी शांती प्रतिष्ठानच्या मंडळींनी लोकांना आवाहन केलं आणि लोकांनी छोट्या छोट्या रकमा पाठवल्या. पंतप्रधानांच्या मदतनिधीतूनही मोठी रक्कम आली होती, ती जेपींनी नम्रपणे परत केली. लोकांच्या पैशांतून यंत्र आलं आणि १९७६ मध्ये जेपी ते घेऊन पाटण्याला परतले. कुठे, माहीत आहे? कदमकुआंच्या महिला चरखा समितीत. प्रभावतींनी बायकांसाठी उभी केलेली ती वास्तू. ज्या घराने बायकांच्या हातात चरखा दिला, त्याच घरात आता त्यांच्या नवऱ्याला जगवणारं यंत्र फिरू लागलं. प्रभावतींना जाऊन तीन वर्षं झाली होती, पण त्यांनी बांधलेलं घर कामी आलं. हे सांगताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि वहिनी खिडकीबाहेर बघू लागल्या.

जानेवारी १९७७ मध्ये निवडणुका जाहीर झाल्या. जेपी यंत्राला बांधलेले. तरी डायलिसिसचे दिवस सांभाळून मधल्या दिवसांत ते सभांना जात, बसून बोलत. आणीबाणी लादणारं सरकार हरलं. २४ मार्च १९७७ ला राजघाटावर जनता पक्षाच्या नव्या खासदारांनी शपथ घेतली, तेव्हा जेपी चाकाच्या खुर्चीवर तिथे हजर होते. त्यानंतर ते हरलेल्या इंदिराजींना त्यांच्या घरी जाऊन भेटले. मनात अढी ठेवून जगणारा हा माणूस नव्हताच.

त्याच वर्षी मे महिन्यात उपचारासाठी त्यांना अमेरिकेत नेलं, तेही सिअॅटललाच. ज्या गावात रक्ताला पहिली कायमची वाट सापडली, त्याच गावात! तरुणपणी मजुरी करत शिकलेल्या देशात ते पंचावन्न वर्षांनी रुग्ण होऊन गेले.

मैत्रिणींनो, ही वाट एकदा केली की संपलं, असं नसतं. ती आयुष्यभर सांभाळावी लागते. शीर कुठेतरी अरुंद होते, गुठळी अडकते, कधी जंतू धरतात. जेपींची तब्येत तर सतत वरखाली होत राहिली. मार्च १९७९ मध्ये जसलोकमध्ये ते अत्यवस्थ असताना ते गेल्याची बातमी लोकसभेत सांगितली गेली, रेडिओवरही आली. माझी आई सांगते, तिने चूल विझवली होती, शेजारच्या बायका रडत आल्या होत्या. नंतर कळलं की जेपी जिवंत आहेत! वडिलांनी रात्री उशिरा चूल पेटवायला लावली. जेपी त्यानंतरही सहा महिन्यांहून जास्त जगले. त्यांच्या डोळ्यांदेखत जनता सरकार भांडणात कोसळलं. ज्याच्यासाठी जीव पणाला लावला ते असं विस्कटताना बघणं सोपं नसणार. ८ ऑक्टोबर १९७९ ला पाटण्यात त्यांनी प्राण सोडला. सत्त्याहत्तराव्या वाढदिवसाला तीन दिवस उरले होते. १९९९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं.

आमचं गाव आलं तेव्हा वहिनी काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं, माझी कथा वाया गेली. पण तिसऱ्या दिवशी त्या दारात उभ्या. म्हणाल्या, तारीख घेऊ या.

दसऱ्यानंतर त्यांचा फिस्टुला झाला. त्याआधी हाताच्या शिरांची सोनोग्राफी केली. हाताला फक्त तेवढ्यापुरती भूल दिली होती. वहिनी जाग्या होत्या, सिस्टरशी बोलत होत्या. तासा-दीड तासात काम झालं आणि संध्याकाळी आम्ही घरी. ज्या ऑपरेशनला त्या सहा महिने घाबरत होत्या, त्यासाठी रात्रभर राहावंही लागलं नाही. सासूबाईंनी त्यांना बोटं हलवून दाखवायला लावली तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला!

डॉक्टरांनी मनगटावर माझा हात ठेवायला लावला. कातडीखाली काहीतरी थरथरत होतं, मांजर मांडीवर बसून घुरघुरतं तसं. ती थरथर म्हणजे वाट चालू असल्याची खूण. वहिनींच्या धाकट्या मुलीने हे काम अंगावर घेतलं. रोज सकाळी शाळेत जाताना आणि रात्री झोपताना ती आईच्या हातावर हात ठेवून बघायची. टाके सुकल्यावर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वहिनी रबरी चेंडू दाबत बसायच्या. दोन महिने गेले, शीर दोरखंडासारखी वर आली. मग पहिल्यांदा हातात दोन सुया घातल्या आणि काही दिवसांनी मानेतली नळी निघाली. त्या दिवशी वहिनींनी कितीतरी महिन्यांनी डोक्यावरून मोकळेपणी अंघोळ केली. नळी भिजू नये म्हणून इतके दिवस बिचाऱ्या अंगाला नुसतं पुसून घेत होत्या.

पण एक प्रसंग मुद्दाम सांगते. उन्हाळ्यात वहिनींना ताप आला, जुलाब झाले. जवळच्या एका दवाखान्यात गेल्या. तिथल्या मुलाने बीपीचा पट्टा त्याच डाव्या हाताला बांधला, दोनदा फुगवला. वहिनींना माहीत होतं की त्या हाताला काहीही बांधायचं नाही. पण एवढ्या लोकांत त्याला कसं सांगायचं, तो काय म्हणेल, म्हणून त्या गप्प बसल्या! अंगातलं पाणी कमी झालेलं, बीपी उतरलेलं, त्यात तो पट्टा. रात्री मुलीने हात ठेवला आणि ती ओरडत माझ्याकडे पळत आली. थरथर थांबली होती.

आम्ही सकाळची वाट बघितली नाही. रात्रीच गाडी करून जिल्ह्याच्या गावी गेलो. गुठळी झाली होती. सकाळी डॉक्टरांनी ती काढली, शीर जिथे अरुंद झाली होती तिथे बारीक फुगा घालून ती रुंद केली. यासाठीही पोटात कापाकापी नाही, मोठी भूल नाही. दुपारी वहिनींच्या हातावर हात ठेवला तर मांजर पुन्हा घुरघुरत होतं. डॉक्टर म्हणाले, लवकर आलात म्हणून जमलं. दोन-तीन दिवस घालवले असते तर ही वाट कायमची बंद झाली असती आणि दुसरी जागा शोधावी लागली असती. हातावर अशा जागा मोजक्याच असतात हो.

तेव्हा, ज्यांच्या घरात किडनीचा रुग्ण आहे त्यांनी एवढं मनावर घ्या. किडन्या हळूहळू खराब होत आहेत असं डॉक्टरांनी सांगितलं, की डायलिसिस सुरू होण्याची वाट न बघता फिस्टुला कधी करायचा ते विचारून ठेवा. तो तयार व्हायला दीड-दोन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. तोवर कामाच्या नसलेल्या हाताच्या, म्हणजे बहुतेकांच्या डाव्या हाताच्या शिरा जपा. रक्त काढायचं असेल किंवा सलाईन लावायचं असेल तर दुसरा हात किंवा पंजाची मागची बाजू पुढे करा. फिस्टुला झाल्यावर त्या हाताला बीपीचा पट्टा नको, सुई नको, घट्ट बांगड्या, घड्याळ, दोरे नकोत. त्या हातावर डोकं ठेवून झोपू नका, त्याने पाण्याची जड घागर उचलू नका. सुई टोचण्याआधी हात साबणाने धुवा. दिवसातून दोनदा थरथर बघा. ती थांबली, हात लाल झाला, दुखू लागला, ताप आला किंवा पंजा गार आणि बधिर पडला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्त वाहू लागलं तर स्वच्छ कापडाने त्या जागेवर बोटांनी दाबून धरा आणि तसंच रुग्णालयात जा. शिरा फारच बारीक असतील तर कृत्रिम नळी आत बसवण्याचाही मार्ग असतो, तेव्हा हताश होऊ नका. खर्चाची चिंता असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून आपल्याला कोणती सरकारी योजना लागू होते ते विचारा. लाजू नका.

शेवटचं तेच तर सांगायचं आहे. जेपींना जगवायला देशभरातून पैसे आले, मोठमोठे डॉक्टर धावले. जगायलाच हवेत असे ते होते. पण मला डायलिसिसच्या खोलीबाहेर बसून एक गोष्ट नेहमी खुपते. नवरा खाटेवर असतो तेव्हा बायको डबा घेऊन बाहेर बसलेली असते, किडनी द्यायचीही तीच पुढे होते. पण बाई खाटेवर असते तेव्हा बाहेरचं बाकडं कितीदा तरी रिकामं असतं. तिच्या ऑपरेशनला घरात मुहूर्त सापडत नाही. आणि आपण स्वतःही, आपल्या हाताला चुकीचा पट्टा बांधला जात असताना, लोक काय म्हणतील म्हणून गप्प राहतो. वहिनींसाठी मी काय केलं? सोबत गेले, एवढंच. आपल्या गल्लीत, आपल्या भिशीत, बचत गटात अशी एखादी असेल, तर आळीपाळीने तिच्याबरोबर जाणं आपल्याला जमणार नाही का?

वहिनी आता पुन्हा मशीनवर बसतात. स्वतःच्या ब्लाऊजची डावी बाही त्यांनी सैल केली आहे आणि तिला पुढून बटणं लावली आहेत, म्हणजे सुई लावताना बाही सरकवायला नको. डायलिसिसला येणाऱ्या बाकीच्या बायकांनी ते पाहिलं. गेल्या महिन्यात त्यांनी तशा सहा बाह्या शिवून दिल्या. शिलाई घेतली, पण निम्मीच. आणि बाहीच्या आतल्या बाजूला लाल दोऱ्याने एक मोठी फुली काढून दिली. या हाताला पट्टा बांधू नका, हे तोंडाने सांगायला जिला जमणार नाही, तिने निदान बाही उलटून ती फुली तरी दाखवावी, म्हणून.